लिहिणाऱ्याचा ऑनलाइन धंदा : उमेद कुठून गळते आणि गळती कशी थांबवायची

मराठीतून लिहायचं, त्यावर ऑनलाइन व्यवसाय उभा करायचा आणि हळूहळू घरही चालवायचं, असं ठरवलं की पहिले काही आठवडे उत्साहातच जातात. नाव ठरतं, पान उघडतं, ओळखीचे लोक ‘छान, लिहीत राहा’ म्हणतात. मग कौतुक ओसरतं, पैसे अजून आलेले नसतात आणि सकाळी लॅपटॉप उघडायला हात जड होतो. अशा वेळी लेखक स्वतःच्याच वकुबावर शंका घेऊ लागतो. ही शंका बहुतेकदा चुकीच्या जागी घेतलेली असते. लिहिण्याची उमेद गळते ती ठराविक जागांवरून : वेळ, पैसा, दाद आणि एकटेपणा. यातली कुठली जागा गळतेय हे आधी शोधावं लागतं. ते न करता ‘जिद्द ठेवा’ म्हणणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतत राहणं.

इथे व्यवसाय म्हणजे तीन गोष्टींचं मिश्रण धरलं आहे. एक, ग्राहकांसाठी लेखन : जाहिरातीची कॉपी, वेबसाइटचा मजकूर, भाषांतर, व्हिडिओची संहिता. दोन, स्वतःची विकायची वस्तू : ई-पुस्तक, कार्यशाळा, वर्गणीवर चालणारं वार्तापत्र. आणि तीन, वाचक जोडणारं मोफत लेखन. बहुतेक मराठी लेखकांना सुरुवातीला पहिल्यातून पैसे मिळतात, दुसऱ्याची आस असते आणि तिसऱ्यात वेळ जातो.

पहिले १४ दिवस : फक्त नोंद

एक साधी वही घ्या. दर वेळी काम थांबवलं की एक ओळ लिहा : किती मिनिटं, कोणतं काम, आणि त्यापुढे एक अक्षर. ‘ले’ म्हणजे लेखन, ‘वि’ म्हणजे विक्री (प्रस्ताव, ग्राहकाशी बोलणं, जाहिरातीची पोस्ट), ‘का’ म्हणजे कारकुनी (बिलं, फॉरमॅटिंग, पासवर्ड, बँक), ‘फो’ म्हणजे फोनवर लाइक आणि मेसेज बघणं. शेवटी अधिक, शून्य किंवा उणे अशी खूण. काम संपल्यावर जीव हलका वाटला तर अधिक, जड वाटला तर उणे.

या १४ दिवसांत स्वतःला सुधारायला जाऊ नका. सुधारलेल्या दिवसांची नोंद काही शिकवत नाही.

पंधराव्या दिवशी बेरीज करा. नोकरी सांभाळून आठवड्याला १५ तास काढणाऱ्याच्या वहीत समजा असं निघालं : लेखन ४, विक्री ३, कारकुनी ३, फोन ५. या माणसाला वाटत असतं की आपण १५ तास लिहितोय आणि तरी काही घडत नाहीये. प्रत्यक्षात तो ४ तास लिहितोय. त्याचा प्रश्न वेळेचा आहे, आणि तो उमेदीचा समजून सोडवायला गेलं तर सुटणार नाही. उलट लेखनाचे तास भरपूर आहेत पण त्यांच्यापुढे उणेच्या खुणा आहेत, असं दिसलं तर कोणत्या ग्राहकाच्या किंवा कोणत्या विषयाच्या दिवशी त्या पडल्या ते बघा. बरेचदा एक-दोन कामंच सगळा आठवडा कडू करत असतात. कारकुनीपुढे उणे असेल तर ती सगळी एका दिवशी, एका बैठकीत उरकायची सोय करा. फोनपुढे उणे असेल तर त्याचा उपाय पुढे दिला आहे.

लेखन आधी, धंदा नंतर, आणि मध्ये भिंत

एका कामावरून दुसऱ्यावर उडी मारली की मनाचा काही भाग आधीच्या कामातच अडकून राहतो, हे सोफी लिरॉय यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवलं. आधीचं काम अर्धवट सुटलेलं असेल तर हे जास्तच होतं. लेखकाच्या बाबतीत हे रोज घडतं : ग्राहकाचा ‘जरा बदल हवेत’ असा मेसेज सकाळी ८ वाजता वाचला, की १० वाजेपर्यंत स्वतःच्या पुस्तकाचं एक वाक्यही सरळ येत नाही. मेसेज वाचायला अर्धं मिनिट लागलेलं असतं, पण सकाळ गेलेली असते.

म्हणून दिवसाची पहिली ६० ते ९० मिनिटं लेखनाची ठेवा आणि त्या वेळात बाहेरचं काही आत येऊ देऊ नका. फोन दुसऱ्या खोलीत. उलटा करून टेबलावर ठेवलेला फोन चालत नाही, हात जातोच. व्हॉट्सॲप बिझनेसवर ‘अवे मेसेज’ची सोय आहे. त्यात लिहून ठेवा : ‘सकाळी ११ नंतर उत्तर देतो.’ ग्राहकांना हे खटकत नाही. उत्तर कधी येणार ते ठाऊक नसलं की मात्र ते अस्वस्थ होतात. यूपीआयचे पैसे आल्याचा आवाजही या वेळात बंद ठेवा. आनंदाची बातमीसुद्धा वाक्य मोडते.

शिफ्टची नोकरी असेल किंवा घरी लहान मूल असेल तर रोजची ठराविक वेळ मिळत नाही. मग घड्याळाऐवजी प्रसंगाला बांधून घ्या. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेली ‘जर असं झालं, तर मी हे करीन’ अशी आखणी इथे फार उपयोगी पडते. ‘मी रोज लिहीन’ हा नुसता संकल्प झाला. ‘मुलाला शाळेच्या रिक्षात बसवलं की घरी येऊन चहा न करता आधी लॅपटॉप उघडीन’ ही आखणी झाली. ‘लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की कालचा मजकूर वाचून दुरुस्त करीन, उभं राहावं लागलं तर पुढच्या लेखाचे तीन मुद्दे फोनवर टिपीन.’ ‘लाइट गेली तर वही काढीन.’ अशी चार-पाच वाक्यं लिहून टेबलासमोर चिकटवा. अडचण आल्यावर निर्णय घ्यावा लागला की निर्णय बहुतेकदा न लिहिण्याचाच होतो. तो आधीच घेऊन ठेवलेला बरा.

२५० शब्दांची तळरेषा

रोजचं उद्दिष्ट १,००० शब्द ठेवलं की आठवड्यातून चार दिवस आपण हरतो, आणि हरण्याची सवय लागते. म्हणून उद्दिष्टाऐवजी तळरेषा आखा : २५० शब्द, आठवड्यातले ५ दिवस. ताप असतानाही जमेल एवढंच. वर कितीही लिहा, पण जास्त लिहिलेलं उद्याच्या खात्यात जमा होत नाही. उद्या पुन्हा २५०.

हिशेब करून बघा. आठवड्याला १,२५० शब्द झाले, तर १५,००० शब्दांच्या ई-पुस्तकाचा कच्चा खर्डा १२ आठवड्यांत तयार होतो. वर्षातले ५० आठवडे धरले तर ६२,५०० शब्द होतात. दोन तासांत आटोपणारी कामं महिनोन्महिने अडकतात ती ‘मोठी बैठक मिळेल तेव्हा’ या वाट पाहण्यात.

सवय २१ दिवसांत लागते असं सगळीकडे सांगितलं जातं. त्यावर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास केला, तेव्हा एखादी गोष्ट आपोआप होऊ लागायला लागणारा काळ सरासरी ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसागणिक तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. बाविसाव्या दिवशी कंटाळा आला तर तुमच्यात काही खोट नाही. अजून निम्मा रस्ताही झालेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्याच अभ्यासात असंही दिसलं की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. एक खाडा माफ आहे. आमच्या मते दुसरा खाडा मात्र पडू देऊ नये, कारण तिसऱ्या दिवशी सुरुवात करण्याचं ओझं दुप्पट वाटतं.

बैठक संपवताना एक छोटी गोष्ट करा. विषय पुरता संपवून उठू नका. पुढचं वाक्य काय येणार हे माहीत असतानाच थांबा आणि ते अर्ध्या ओळीत टिपून ठेवा : ‘आता आंब्याच्या पेटीचा भाव कसा ठरतो ते.’ दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानासमोर बसावं लागत नाही, अर्धवट वाक्य पुरं करायला बसता.

न विकायचं लेखन

१९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रं काढायला आवडणाऱ्या काही मुलांना ‘चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असं आधीच सांगितलं. पुढे मोकळ्या वेळात याच मुलांनी चित्रं काढण्यात इतरांपेक्षा कमी वेळ घालवला. ज्यांना बक्षीस न सांगता दिलं किंवा दिलंच नाही, त्यांची आवड टिकली.

लेखनाचा धंदा करणाऱ्याने हे मनावर घ्यायला हवं. जे लिहिणं आवडतं म्हणून या वाटेला आलात, त्याचा प्रत्येक शब्द विकाऊ झाला की आवड त्याच मुलांसारखी आटू लागते. म्हणून आठवड्यातून एक बैठक, ४५ मिनिटांची, अशा लेखनाला द्या जे कुणाला दाखवायचं नाही, ज्याची पोस्ट होणार नाही, ज्याचा दर नाही. आजोळच्या घराचं वर्णन, ऐकलेल्या ओव्या, गावच्या बोलीतले शब्द, कविता, काहीही. फायलीचं नाव ‘घरचं’ ठेवा. यातूनच पुढे विकण्यासारखं काही निघेलही, पण निघावं म्हणून लिहायचं नाही. वेळ कमी पडला की हीच बैठक सगळ्यात आधी कापली जाते, आणि साधारण दोन-तीन महिन्यांनी ग्राहकाच्या मजकुरातही कोरडेपणा दिसू लागतो. तेव्हा त्याचं कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

पैसा : इथली गळती सगळ्यात मोठी

लेखकाचं मन खचतं त्यामागे बऱ्याचदा न आलेलं बिल असतं. त्यामुळे हा भाग सावकाश वाचा.

आधी घराचा महिन्याचा खर्च काढा, हप्ते आणि औषधं धरून. तो ३०,००० रुपये असेल तर ६ महिन्यांचे १,८०,००० वेगळ्या खात्यात जमेपर्यंत नोकरी सोडू नका. हे पैसे हाताशी नसले की प्रत्येक ग्राहकाला ‘हो’ म्हणावं लागतं, आणि चुकीच्या ग्राहकाइतकी उमेद दुसरं काहीच खात नाही. नोकरी आधीच सोडली असेल तर पहिलं वर्ष निम्म्याहून जास्त वेळ ग्राहकांच्या कामाला द्या. स्वतःच्या पुस्तकाला २५० शब्दांची तळरेषा पुरे.

मग कामाचा खरा ताशी दर काढा. समजा एका वेबसाइटच्या मजकुराचे ६,००० रुपये ठरले. लिहायला ५ तास लागले म्हणून दर १,२०० वाटतो. पण फोनवर बोलणी २ तास, दुरुस्त्या २ तास, बिलाचा पाठपुरावा १ तास. एकूण १० तास, म्हणजे दर ६००. ‘एवढं करूनही पुरत नाही’ ही भावना याच फरकातून येते. शेवटच्या पाच कामांचा असा हिशेब मांडला की कोणतं काम सोडायचं ते आपोआप दिसतं. सोडताना भांडू नका. पुढच्या वेळी वाढवलेला दर कळवा, एवढं पुरतं.

काम सुरू करण्याआधी ईमेलवर किंवा निदान व्हॉट्सॲपवर चार गोष्टी लिहून मान्यता घ्या : किती शब्द आणि कधीपर्यंत, ५० टक्के ॲडव्हान्स, दोन वेळा दुरुस्ती मोफत, तिसऱ्यापासून वेगळे पैसे, आणि मजकूर दिल्यावर ७ दिवसांत काही कळवलं नाही तर तो मंजूर धरला जाईल. चौथी अट बहुतेक जण घालत नाहीत, आणि उरलेले पैसे तिथेच अडकतात. गणपतीच्या चार दिवस आधी ‘तुम्ही लिहा, पैशाचं नंतर बघू’ असं म्हणणाऱ्याला निम्मा ॲडव्हान्स मागायला कचरू नका. देणारा देतो. न देणाऱ्याने नंतरही दिले नसते.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवा. सरकारी पोर्टलवर ती मोफत होते, एजंटला पैसे द्यायची गरज नाही. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या एमएसएमई कायद्यानुसार ग्राहकाला नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघुउद्योजकाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. सरकारी पोर्टलवर तक्रारही करता येते. नोंदणी काम घेण्याआधीची हवी. प्रत्यक्षात तक्रारीपर्यंत क्वचितच जावं लागतं; बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि ४५ दिवसांची ओळ छापली की कंपनीचा हिशेब विभाग ते बिल वेगळं काढून ठेवतो, कारण मुदत उलटून वर्षअखेरीपर्यंतही न दिलेली रक्कम त्यांना त्या वर्षाच्या प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही.

आणखी एक धक्का टाळता येतो. एखाद्या कंपनीकडून तुमचं वर्षाचं मानधन ५०,००० रुपयांच्या वर गेलं की ती सहसा १० टक्के टीडीएस, म्हणजे तुमच्या नावाने आधीच भरलेला प्राप्तिकर, कापते (एप्रिल २०२५ आधी ही मर्यादा ३०,००० होती). ६०,००० च्या बिलाचे ५४,००० आले म्हणजे कुणी फसवलेलं नसतं. ते ६,००० तुमच्या पॅनवर जमा झालेत का हे प्राप्तिकर पोर्टलवरच्या टीडीएसच्या नोंदीत बघा. कर तेवढा बसत नसेल तर विवरणपत्र भरल्यावर परत मिळतात. पॅन दिला नसेल तर कपात २० टक्क्यांवर जाते. आणि जीएसटीची भीती सुरुवातीला बाळगू नका. सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेल्यावरच नोंदणी बंधनकारक होते.

दाद उशिरा येते, म्हणून मोजायचं काय ते बदला

ऑनलाइन धंद्यात आज केलेल्या कामाचं फळ कधी दिसतं ते एकदा नीट समजून घ्या. किंडलवर विकलेल्या पुस्तकाची रॉयल्टी तो महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी मिळते. जूनमधल्या विक्रीचे पैसे ऑगस्टच्या अखेरीस. साइटवरच्या गुगल जाहिरातींचे, म्हणजे ॲडसेन्सचे, पैसे खात्यात १०० डॉलर जमेपर्यंत निघतच नाहीत, आणि नव्या मराठी साइटला तिथपर्यंत पोचायला कित्येक महिने जातात. यूट्यूबच्या जाहिरातींतला वाटा हवा तर १,००० सदस्य आणि १२ महिन्यांत ४,००० तास पाहिलेला वेळ लागतो (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज). हे आकडे रोज बघणारा माणूस पेरणीनंतर रोज माती उकरून कोंब आला का बघतो.

म्हणून रोज मोजायचं ते फक्त तुमच्या हातात असलेलं : लिहिलेले शब्द, प्रसिद्ध केलेले लेख, पाठवलेले प्रस्ताव. मोजमाप भिंतीवरच्या दिनदर्शिकेत करा, दुधाचा रतीब मांडतात तसं. तारखेच्या चौकटीत शब्दांचा आकडा, प्रस्ताव पाठवला तर एक टिंब. घरातल्यांनाही दिसतं, आणि ‘दिवसभर लॅपटॉपवर काय करतोस’ या प्रश्नाला उत्तर भिंतच देते.

बाहेरचे आकडे आठवड्यातून एकदा, शनिवारी २० मिनिटं. त्यात तीनच गोष्टी बघा : किती जणांनी स्वतःहून उत्तर लिहिलं, किती नवे वाचक यादीत आले, पैसे किती आले. लाइक मोजू नका. नात्यातले पन्नास लोक न वाचता लाइक करतात, आणि खरा ग्राहक बहुतेकदा काही न करता वाचत राहतो आणि सहा महिन्यांनी फोन करतो.

कुणी वाचत नाही असं वाटतं तेव्हा आधी यंत्र तपासा

दोष लेखणीत आहे असं ठरवण्याआधी चार ठिकाणी बघा. व्हॉट्सॲप ब्रॉडकास्टचा मेसेज फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे. २०० जणांच्या यादीत ४० जणांनी सेव्ह केला असेल तर १६० लोकांनी तुम्हाला नाकारलेलं नाही, त्यांना मजकूर मिळालाच नाही. यादीत घेताना पहिल्याच मेसेजमध्ये ‘हा नंबर सेव्ह करा’ असं लिहा.

दुसरं, मजकूर युनिकोडमध्ये आहे ना? छपाईसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधून मजकूर वेबवर चिकटवला की वाचकाला अगम्य चिन्हं दिसतात, आणि तो गुगलला सापडतही नाही. मुक्ता किंवा बालू हे ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेले मोफत युनिकोड फॉन्ट आहेत. मोबाइलवर दोन्ही नीट वाचता येतात. तिसरं, अनेक मराठी वाचक शोधताना रोमन लिपीत लिहितात, म्हणून लेखाच्या वेबपत्त्यात मुख्य शब्द रोमनमध्ये ठेवा. चौथं, लेख साध्या अँड्रॉइड फोनवर, मोबाइल डेटावर स्वतः उघडून बघा. चित्रामुळे पान पाच-सहा सेकंद कोरं राहत असेल तर वाचक आधीच निघून गेलेला असतो.

ई-पुस्तकाचंही तेच. किंडलवर मराठी पुस्तक चढवता येतं आणि त्याला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, लागत नाही. छापील आवृत्तीसाठी हवा असेल तर भारतात तो सरकारकडून मोफत मिळतो. ७० टक्के रॉयल्टी भारतातल्या विक्रीवर हवी असेल तर पुस्तक किंडलच्या ‘केडीपी सिलेक्ट’ योजनेत घालावं लागतं, आणि मग ९० दिवस त्याची डिजिटल आवृत्ती दुसरीकडे कुठेही, स्वतःच्या साइटवरसुद्धा, विकता येत नाही. हे न वाचता बटण दाबणारे नंतर हळहळतात.

विकणं नकोसं वाटतं त्याचं काय

लेखकाला विक्रीची लाज वाटते, कारण विक्री म्हणजे स्वतःचे गोडवे गाणं असं त्याला वाटतं. प्रस्तावात स्वतःबद्दल लिहायचंच नाही, असा नियम करा. १२० शब्द, तीन भाग. पहिल्या दोन ओळींत समोरच्याच्या मजकुरात नेमकं काय अडतंय. मधे त्याचीच दोन-तीन वाक्यं तुम्ही बदलून लिहिलेली. शेवटी दर, दिवस आणि फोन नंबर.

उदाहरण घ्या. हापूस विकणाऱ्याच्या पानावर लिहिलंय : ‘आमची उत्पादने त्यांच्या सर्वोत्तम गुणवत्तेसाठी ओळखली जातात.’ तुम्ही बागायतदाराला तीन प्रश्न विचारता आणि लिहिता : ‘देवगडच्या कलमांचा हापूस. कार्बाइड नाही, गवतात घालून पिकवलेला. पेटी उघडल्यावर दोन दिवस बाहेर ठेवा, साल थोडी सुरकुतली की कापा.’ हे वाचून बागायतदाराला फरक लगेच कळतो. तुम्हालाही कळतो, कारण विकताना तुम्ही लिहीतच होता. एआयकडून फुकट मजकूर मिळत असताना ग्राहक पैसे कशाचे देतो याचं उत्तरही याच तीन प्रश्नांत आहे. सुरकुतलेली साल बागेत विचारल्याशिवाय कळत नाही.

आठवड्याला पाच प्रस्ताव, मंगळवार आणि गुरुवारी दुपारी. उत्तर आलं नाही तर आठ दिवसांनी एकदा आठवण, मग नाव यादीतून बाजूला. दहा प्रस्तावांना एकही उत्तर नाही असंही होतं. वीस झाले आणि तरी शांतता असेल, तर मधली दोन-तीन वाक्यं कुणा जाणकाराला दाखवा. चूक बहुतेक तिथेच सापडते.

वर्षाची भरती-ओहोटी

मराठी लेखनाच्या धंद्याला ऋतू आहेत, आणि ओहोटीला स्वतःचं अपयश समजण्याची चूक फार जण करतात. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी लेखकाचं वर्ष दिवाळीभोवती फिरतं. अंकांचं साहित्य पावसाळ्यातच मागवलं जातं, त्यामुळे जून-जुलैत लिहिलेलं नसेल तर ऑक्टोबरात हात रिकामे. ग्राहकांच्या जाहिरातींचा भर गणपतीपासून दिवाळीपर्यंत. पितृपक्षात दुकानदार नवं काही उघडत नाहीत, पण घटस्थापनेचा आणि दसऱ्याचा मजकूर त्याच पंधरवड्यात लिहून घेतात. दिवाळीनंतर मंदी येते. ती पुस्तकाच्या खर्ड्यासाठी राखून ठेवा. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन या दोन दिवशी शाळा, ग्रंथालयं आणि मंडळं कार्यशाळांसाठी माणसं शोधतात. त्यांना पत्र दीड-दोन महिने आधी जायला हवं. परदेशातली महाराष्ट्र मंडळंही गणेशोत्सव आणि दिवाळीला स्मरणिका काढतात, आणि संपादन-मुद्रितशोधनाला त्यांना मदत लागते.

सोबत

घरी एकट्याने लिहिणाऱ्याला कामावर गेल्यासारखं वाटत नाही, आणि घरच्यांनाही वाटत नाही. वेळ सांगा : ‘१० ते ११.३० मी कामावर आहे, दारावरची बेल तुम्ही बघा.’ आणि लिहिणारा एक जोडीदार शोधा. आठवड्यातून दोनदा ५० मिनिटांचा व्हिडिओ कॉल लावा, आवाज बंद, दोघं आपापलं लिहितात, शेवटी दोन मिनिटं काय झालं ते सांगतात. लेखन वाचून दाखवायचं नाही, टीका नाही. जोडीदार तुमच्याच टप्प्यावरचा असावा. फार पुढे गेलेल्या माणसासोबत बसलं की आपण तुलनाच करत राहतो.

काही वेळा मात्र हे लेखनाचं दुखणं नसतं. झोप नाही, भूक नाही, कशातही रस नाही असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि मराठीतून बोलता येतं.

बऱ्याच दिवसांच्या खंडानंतर

आजारपण, लग्नकार्य, परीक्षा, काहीही असो, तीन आठवडे सुटले की माणूस जुना अनुशेष एकदम भरून काढायला जातो आणि दोन दिवसांत पुन्हा सोडतो. परतीचा रस्ता चार दिवसांचा ठेवा. पहिल्या दिवशी काही लिहायचं नाही. शेवटची दोन पानं मोठ्याने वाचायची, फायली एका जागी आणायच्या. दुसऱ्या दिवशी जुन्या मजकुरातली दहा वाक्यं दुरुस्त करायची. तिसऱ्या दिवशी ‘घरचं’ फाइल उघडून १०० शब्द, कसलेही. वार्तापत्राच्या वाचकांना खंडाबद्दल लांबलचक माफीपत्र लिहू नका. पुढचा लेख चांगला पाठवा, त्यात एक ओळ पुरते. राहिलेले शब्द मागच्या तारखांवर भरू नका, त्या चौकटी कोऱ्याच राहू द्या. चौथ्या दिवशी नेहमीच्या वेळेला, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, २५० शब्द, आणि उठण्याआधी पुढच्या वाक्याची अर्धी ओळ.